संत्र्याच्या सालीचा उजेड

आमच्या अमरावतीत संत्रं कसं खातात हे कुणी कुणाला शिकवत नाही. साल सोलायची, रस्त्यावर भिरकवायची, फोडी तोंडात टाकायच्या आणि बिया शेजाऱ्याच्या अंगणात थुंकायच्या. हे सगळं शास्त्र उलटं करणारा एकच माणूस मी पाहिला, आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे वानखडे सर. ते दोन डझन संत्री घेऊन स्टाफरूममध्ये बसत, एकेक सोलत, साल जपून पिशवीत ठेवत आणि आतलं संत्रं कचऱ्यासारखं समोरच्याच्या हातात कोंबत.

"हे घ्या. मले याचा काही उपयोग नाही."

समोरचा बहुधा मीच असे. मी मराठी शिकवतो, म्हणजे दोन तासांच्या मध्ये मला भरपूर वेळ असतो आणि पोटात भरपूर जागा. त्या हिवाळ्यात मी इतकी संत्री खाल्ली, की फळ्यावर लिहिताना खडूतून रस गळायचा. डास मला चावून तोंड आंबट करून निघून जायचे. पटत नसेल तर आमच्या बायकोला विचारा. तिने त्या वर्षी मच्छरदाणी धुऊन कपाटात ठेवून दिली होती.

संत्र्याची तेव्हा तशीही कुणाला किंमत राहिली नव्हती. वरूड-मोर्शीकडे एकीकडे बागा उभ्या वाळत होत्या, आणि जे काही पिकत होतं ते विकलं न गेल्यामुळे लोक ट्रॉल्याच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला ओतून देत होते. येणारे-जाणारे हळहळत. वानखडे सर स्कूटर थांबवत, ढिगाशेजारी मांडी घालून बसत आणि सोलायला लागत. एकदा एका म्हाताऱ्या बागायतदारानं त्यांना तसं पाहिलं आणि त्याला वाटलं, माणूस दुःखानं वेडा झाला. त्यानं शेजारी बसून सरांच्या पाठीवरून हात फिरवला. सर म्हणाले, "बाबा, पाठीवरून हात नका फिरवू. सोलू लागा."

दिसायला सर म्हणजे हाफ शर्ट घातलेला बांबू. खिशात लोक पेन ठेवतात, सर थर्मामीटर ठेवत. कँटीनचा चहा आला की आधी त्यात थर्मामीटर बुडवत. "बासष्ट. दोन मिनिटं थांबा." तोवर आमचा चहा पिऊन कप विसळून झालेला असे. आणि एक वाक्य त्यांच्या जिभेवर कायम बसलेलं असायचं: "माणूस चुकते, यंत्र चुकते, रसायन चुकत नाही." हे ते विद्यार्थ्यांना सांगत, प्राचार्यांना सांगत, एकदा तर रस्त्यात अडवणाऱ्या ट्रॅफिक हवालदारालाही सांगितलं. त्यानं घाबरून सोडून दिलं.

त्या सालींचं ते काय करत, हे मला पहिल्यांदा सांगितलं रहीमभाऊंनी. रहीमभाऊ म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. पंचवीस वर्षं त्यांनी सरांच्या नळ्या धुतल्या. "देखो साहेब," ते म्हणाले, "सर साल धुतेत, पाण्यात घालतेत, पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवतेत. दुसरे दिन निकलता है चहा जैसा पाणी. अन् उस पाणी में भूत रयते."

भूत मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी खोलीत अंधार केला आणि कापड दुकानात नोटा तपासायला असतो तसला जांभळा दिवा लावला. हातातल्या नळीतलं ते चहासारखं पाणी एकदम निळंशार पेटलं. मोरपिसाचा डोळा कुणी पाण्यात विरघळवला असावा, तसं. मी मराठीचा माणूस, मला लगेच उपमा सुचतात. सरांनी मला उपमा देऊ दिली नाही.

"कार्बनचे कण आहेत. एवढे बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारोंनी बसतीन. आता पाहा. रक्तातल्या पाण्याचा एक थेंब यात टाकतो, अन् वरून हे एन्झाइम. रक्तात कोलेस्टेरॉल असलं, की एन्झाइम त्याले पकडते. त्यातून जे निघते ते या कणाचा उजेड खाते. चरबी जितकी जास्त, उजेड तितका कमी. बोट आना."

मी बोट दिलं. माझ्या थेंबानं त्या निळ्या नळीत अशी अमावास्या केली, की रहीमभाऊंनी चाचपडत भिंत धरली.

उजेड मोजायला सरांनी सात बंद नळ्या करून ठेवल्या होत्या, चढत्या कोलेस्टेरॉलच्या. सगळ्यांत उजळ नळीचं नाव 'सायकलवाला' आणि सगळ्यांत काळवंडलेलीचं, आमच्याकडच्या तेलकट तळलेल्या वड्यावरून, 'गिलावडा'. मी गिलावडा निघालो. दवाखान्यात जाऊन रीतसर तपासलं, तर तिथलाही आकडा तोच. डॉक्टर मला गोळ्या लिहून देत होते आणि सर शेजारी उभे राहून लग्न जमल्यासारखे हसत होते.

स्टाफरूममध्ये टोमणे होतेच. "काय वानखडे, काय उजेड पाडला आज?" असं कुणी म्हटलं, की सर खिशातून दिवा काढून खरोखर पाडून दाखवत. पण मला एक कळत नव्हतं. मोठ्या शहरातले लोक असले शोध लावतात, कागदावर छापतात आणि पुढच्या शोधाला लागतात. सरांना छापायची घाई नव्हती. त्यांना घाई होती ती हे सगळं पिशवीत कसं मावेल याची. वीज नको, मोठं यंत्र नको, शीर शोधून सुई टोचणं नको. बोटाचा एक थेंब बस. रक्तातल्या लाल पेशी खाली बसवायला यंत्र लागतं, तर त्यांनी जुनी काळी सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाच्या आऱ्यांना केसाएवढ्या बारीक नळ्या बांधल्या आणि हातानं पायडल गरगर फिरवलं. झालं काम.

"एवढं कोणासाठी करून राहिले हे?" मी रहीमभाऊंना विचारलं.

रहीमभाऊंनी आजूबाजूला पाहिलं. "बडे भाई के लिए."

मग सगळं बाहेर आलं. सरांचं गाव हिवरखेड, अकोला जिल्ह्यातलं. वडील त्रेपन्नाव्या वर्षी शेतात, उभ्या उभ्या गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बसले, ते उठलेच नाहीत. काकाही तसेच, जवळजवळ त्याच वयात. आता मोठा भाऊ पुंडलिकदादा बावन्न पूर्ण करून पुढं सरकलेले. त्या वर्षांत आमच्याकडं छातीतलं दुखणं हे दुखणं म्हणून धरतच नसत. पाऊस गेला, बोंडं सडली, छाती दुखली, सगळ्याला एकच नाव, 'टेन्शन'. त्यात पुंडलिकदादा दवाखान्याची पायरी चढणारे नव्हेत. आणि धाकट्या भावाशी तर अकरा वर्षं बोलणं बंद.

बोलणं का बंद, तेही ऐका. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, मोजायला मे महिन्यात सरकारी मोजणीदार आला. साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या, दोघं भाऊ राजी. तेवढ्यात आमच्या सरांनी खिशातून थर्मामीटर काढलं. "सेहेचाळीस डिग्री आहे. लोखंड गरमीनं वाढते. तुमची साखळी लांब झाली. मोजणी चुकली." तिथंच वहीत गणित केलं आणि साऱ्या गावासमोर सिद्ध केलं, की धुरा दादाच्या बाजूला तीन बोटं सरकायला पाहिजे.

गणित बरोबर होतं. रसायन चुकत नाही, तसं लोखंडही चुकत नाही. पुंडलिकदादांनी खुंटी उपटली, तीन बोटं सरकवून ठोकली आणि म्हणाले, "घे तुहे तीन बोटं." त्यानंतर अकरा वर्षं एक शब्द नाही.

तर, एका रविवारी हिवरखेडच्या शाळेत तपासणी ठरली. सर, रहीमभाऊ, उलटी सायकल आणि मी. एन्झाइमला थंड लागतं, म्हणून ते कुल्फीवाल्याच्या लाकडी पेटीत बर्फ घालून ठेवलेलं. एसटीत अकोटपर्यंत निदान चाळीस माणसांनी कुल्फी मागितली. अंजनगावला एका आजीबाईंनी तर पेटीवर हात ठेवून ठणकावलं, "माह्या नातवासाठी एक तं द्यावंच लागीन." सरांनी त्यांना अर्धा तास एन्झाइम समजावून सांगितलं. उतरताना आजी म्हणाल्या, "मलई नसन तं राहू द्या."

शाळेच्या खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. गावची नर्सताई बोटं टोचायला बसली. दिवा लावला आणि काय सांगू, गावातले पुढारी खोलीत शिरले तेव्हा नुसते कपडेच चालत आले! धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून काहीतरी घातलेलं असतं, ते या दिव्याखाली निळं चमकतं. सरपंचांची माणूस म्हणून काही खूण दिसेना. एक सदरा, एक पायजमा आणि वर तरंगणारी टोपी. नर्सताईंनी टोपीखाली अंदाजानं हात घालून कान टोचला असता, थोडक्यात वाचले.

आणि निकाल? गाव धन्य झालं. पन्नासेक माणसांच्या नळ्या एकीहून एक झगझगीत. सायकलवाल्याच्याही वर. ज्या पाटलांना बैलगाडीत बसवलं की बैल मागं वळून पाहतात, त्यांचं रक्त कालच जन्मलेल्या लेकराचं निघालं. गाव इतकं खूश झालं, की शाळेसमोरच रोडगे लागले, वांग्याची भाजी झाली आणि रोडग्यावर तूप असं ओतलं, की खालची माती चिकट झाली.

सर मात्र दिवसभर प्रत्येक माणसामागं दाराकडं बघत होते. पुंडलिकदादा आले नाहीत. वहिनी तेवढ्या सकाळीच येऊन पाणी भरून, झाडून गेल्या होत्या. संध्याकाळी त्या डबा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी लय सांगतलं. ते म्हणते, गावात कोणालेच काई निंगालं नाही, तं मले काय होऊन राह्यलं?"

सरांनी डबा घेतला. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधताना सरांनी सहज दिवा लावून पाहिला. सामानात एक नळी उरली होती, न वापरलेली, रिकामी. त्यात ना रक्त ना कण. ती रिकामी नळी निळीशार चमकत होती.

सर खालीच बसले. "रहीमभाऊ, नळ्या कोणी धुतल्या?"

"आपने धुये ना सर? मुझे लगा आपनेच..."

चहाची किटली घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड उतरलं. "मी धुतल्या भाऊजी. काल सकाळी. एसटीच्या धुळीनं लय मळकट झाल्या होत्या. तुमचं सामान गावासमोर मळकट कसं दिसू द्यू? पावडर लावून चांगल्या घासल्या, आतून-बाहेरून."

मी डोळे मिटून घेतले. पिपेट नीट धुतलं नाही म्हणून या माणसानं एकदा विभागप्रमुखांना पाऊण तास उभं करून ऐकवलं होतं. पावडरीचा निळा उजेड कणांच्या निळ्या उजेडात मिसळला होता, सगळं गाव खोटं निरोगी झालं होतं, आणि ज्या एका माणसासाठी हा खटाटोप, तो त्या खोट्या निकालावर घरी निवांत बसला होता.

सर उठले. वहिनींच्या हातातली किटली घेतली. "वयनी, नळ्या लय चांगल्या धुतल्या. एवढ्या साफ तं रहीमभाऊनंही कधी नाही धुतल्या." आणि चहा ओतून घेतला. थर्मामीटर न बुडवता तसाच, कडकडीत, पिऊन टाकला.

मग ते ग्रामपंचायतीत गेले आणि भोंग्यावरून बोलले. मला वाटलं आता धुण्याच्या पावडरीवर व्याख्यान होणार. सर एवढंच म्हणाले:

"मी दिगंबर वानखडे बोलून राहिलो. काल सांगितलेले सगळे निकाल रद्द समजा. चूक माही आहे. नळ्या मी तपासून घ्यायला पाहिजे होत्या, नाही घेतल्या. मी चुकलो. सगळ्याईनं परत या."

भोंगा बंद झाला तरी रहीमभाऊ त्याच्याकडं बघत राहिले. पंचवीस वर्षांत त्यांनी हा शब्द या तोंडून ऐकला नव्हता. "साहेब," ते मला म्हणाले, "ये रेकॉर्ड करना था."

लोक परत आले, काही हसत, काही कुरकुरत. पाटील चौथ्या नळीवर थांबले. तुपाचा हिशेब लागला. नळ्या उकळून, स्वच्छ पाण्यानं दहादा विसळून सर काम करत होते. पेटीतला बर्फ वितळत चालला होता, एन्झाइम संपत आलं होतं. तीन वाजता शेवटचा भाग उरला. सरांनी तो बर्फाच्या शेवटच्या खड्याखाली ठेवून दिला.

"सर, एक बाकी है. बाहेर मास्तर खडे हैं."

"मास्तरले अकोल्याले जायला सांगा. हे राहू द्या."

चारच्या सुमाराला दाराची गोधडी सरकली. सरांसारखाच बांबू, फक्त उन्हानं काळा झालेला आणि डोक्याला रुमाल बांधलेला. पुंडलिकदादा आत आले, पण कुणाकडं न बघता आधी सायकलीकडं गेले. उलट्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला. "हे तं बाची सायकल हाय."

"हो," सर म्हणाले. "चाक सुधं फिरते अजून."

 

"शिश्या तं हिनं धुतल्या होत्या," दादा म्हणाले. "घरी येऊन रडून राह्यली. मंग तू भोंग्यावर माही चूक, माही चूक काहून सांगत होता?"

सर नळीकडं बघत राहिले. "सामान माहं होतं. जिम्मा माहा."

"अकरा वर्सापयले एवढं समजलं असतं तं?"

"नव्हतं समजलं."

दादांनी स्टूल ओढलं, बसले आणि हात पुढं केला. "घे. तीन बोटं तं तू आधीच नेले. आता हे एक ने."

रहीमभाऊ तोंडावर फडकं धरून बाहेर पळाले. नर्सताईंनी बोट टोचलं. सरांनी नळी आऱ्याला बांधली आणि पायडल धरायला हात नेला, तोच दादांनी तो बाजूला सारला आणि स्वतः फिरवायला लागले. बापाच्या सायकलचं चाक त्या अंधाऱ्या वर्गात कितीतरी वेळ गरगरत होतं.

मग दिवा लागला. थेंब पडला. थांबायचं तेवढं थांबून झालं. एरवी सर अशा वेळी मोठ्यांदा आकडा पुकारत, लिलावात पुकारतात तसा. निळा उजेड बारीक होत गेला, अजून बारीक, माझ्या गिलावड्याच्याही पलीकडं. शेवटी नळी कुठं आहे ते सरांच्या बोटांवरूनच ओळखायचं.

"किती हाय?" दादांनी विचारलं.

सरांनी दिवा बंद केला. गोधडी सरकवून उजेड येऊ दिला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हात तेवढा खिशातलं थर्मामीटर चाचपत होता.

"याच्यावर भरवसा नाही दादा. उद्या माह्यासंगं अकोल्याले चाल. तिथं मोठ्या यंत्रावर पाहून घेऊ."

"काहून? तुहं रसायन तं चुकत नाही म्हणे."

"चुकते," वानखडे सर म्हणाले. "कधी कधी चुकते."

दादांनी भावाकडं बराच वेळ पाहिलं. ते काही खुळे नव्हते. "सकाळची गाडी सात वाजता राह्यते," ते म्हणाले. "सहालेच तयार राह्य."

अकोल्याच्या डॉक्टरांनी वेळेत आणलंत म्हणून सरांची पाठ थोपटली. दादांच्या हृदयाच्या दोन नळ्या साफ कराव्या लागल्या. आता ते चोपन्न ओलांडून पंचावन्नात आहेत आणि गोळ्या घेताना सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढी कुरकुर करतात. पण मला दवाखाना आठवत नाही, मला ती सातची गाडी आठवते.

दोघं भाऊ एका सीटवर, मी मागच्या. तेल्हाऱ्यापर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही. अकरा वर्षांचं बोलणं साचलं की कुठून सुरू करायचं ते माणसाला सुचत नसावं. पुढं कुठंतरी दादांनी धोतराच्या सोग्यातून घरच्या झाडाचं एक संत्रं काढलं. बाग वाळली होती, तीनच झाडं उरली होती, त्यातलं. सावकाश सोललं. साल कुठं फाटू दिली नाही, एका लांब पट्टीत उतरवली. फोडी करून अर्ध्या स्वतः घेतल्या, अर्ध्या सरांच्या हातावर ठेवल्या. सर खायला लागले. संत्रं खाताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग दादांनी ती साल नीट घडी केली, रुमालाच्या टोकानं पुसली आणि खिडकीबाहेर न टाकता भावाच्या पिशवीत ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तुह्या कामाची हाय."